आत्याचा कान आणि सुनेचं काम

माझ्या आत्याच्या कानाला टेम्पो स्टँडवर मान आहे. ती सामानाचा टेम्पो चालवते, आणि गॅरेजातून आलेल्या कुठल्याही गाडीची एक चक्कर मारून सांगते, काम झालंय की नुसता हात फिरवलाय. तिने मान हलवली की बाकीचे ड्रायव्हर निर्धास्त. नाक मुरडलं की त्या मिस्त्रीकडे कोणी फिरकत नाही. नात्याची भीड तिला नाही. सख्ख्या भावाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या स्कूटरला तिने भर चौकात खटारा म्हटलं होतं.

त्या दिवशी परीक्षेला तिची सूनच बसली होती. वहिनी गॅरेजात ब्रेक, क्लच करायची. आत्याच्या टेम्पोचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा तो दात्यांचा डबा, तिने पहिल्यांदाच एकटीने उघडला होता. नवी बेअरिंग घालून दाते पुन्हा जुळवले होते. गॅरेजचे उस्ताद म्हणाले होते, "सासूने पास केलं तर यापुढे गिअरची सगळी कामं तुझी. नाहीतर ब्रेक आहेतच."

स्टँडवर ही गर्दी! "मावशी, आज घरी स्वयंपाक कोण करणार ते आधीच ठरवा," कोणीतरी ओरडलं.

"तू. येताना भांडी घासायचा काथ्या पण आण," म्हणत आत्या गाडीखाली शिरली. डब्याच्या कडांवरून बोट फिरवलं. कोरडं. तेलाचा टिपूस नाही. बाहेर येऊन ती स्टिअरिंगवर बसली. मी मध्ये, वहिनी दाराशी.

रिकाम्या मैदानात आधी डावीकडे लहान गोल फेरा, मग उजवीकडे. ना खडखड, ना झटका. वहिनीने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. मग हमरस्ता. गाडीने वेग घेतला आणि मागून आवाज उठला, एकसुरी, लांबलचक. हूंऽऽऽ.

"ऐकू येतंय?" आत्याने विचारलं.

"येतंय, आई."

"दाते रडतायत तुझे."

वहिनीचा चेहरा पडला. आत्या गाडी वळवायला लागली, तशी वहिनी एकदम ताठ झाली.

"थांबा! अॅक्सिलरेटर सोडा बघू."

"आता तू मला शिकवणार?"

"सोडा तर!"

आत्याने पाय उचलला. गाडीचा जोर ओसरला, आवाज मात्र तसाच.

"दात्यांचा आवाज असता तर पाय उचलल्यावर सूर बदलला असता. आता मातीच्या रस्त्यावर घ्या. याच वेगाने!"

आत्याने दात-ओठ खात गाडी खाली उतरवली. धुरळा उडाला, आम्ही तिघी बसल्या जागी उडालो, आणि आवाज गायब! पुन्हा डांबरावर चढलो, पुन्हा हूंऽऽ. पुन्हा मातीवर, पुन्हा चिडीचूप.

"टायर!" वहिनी जवळजवळ किंचाळलीच. "दात्यांना डांबर काय, माती काय! मागचे टायर कोणी बदलले?"

आत्याने जीभ चावली. या कामासाठी गॅरेजात मागची चाकं उतरलीच आहेत तर म्हणून, पुढचे एका बाजूने झिजलेले टायर तिनेच आदल्या दिवशी गुपचूप मागे लावून घेतले होते. काटकसर! मला हसू आवरेना. वहिनी मात्र हसत नव्हती. तिचे डोळे आत्यावर होते. स्टँडवर आत्या काय बोलणार, यावर सगळं होतं.

परतलो तेव्हा उस्तादांसकट सगळे वाटच बघत होते. आत्या उतरली, पुन्हा गाडीखाली गेली, डब्यावर तळवा टेकवला. कोमट. दाते घासत असते तर चटका बसला असता. मग उठून पदर झटकत खणखणीत आवाजात म्हणाली, "दाते लोण्यासारखे फिरतायत. आवाज येतोय तो टायरचा, आणि ते टायर मी लावलेत. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने आत्याच.

तेवढ्यात एक ट्रकवाला पुढे सरकला. "उस्ताद, माझ्या गाडीचा डिफरन्शियल..."

"मला काय विचारतोस? तिला विचार," उस्ताद म्हणाले.

वहिनी बाह्या वर सारत होती.