पाऊण तास डीजे बंद

माझी नोकरी गेली, हे फक्त तीन जणांना माहीत होतं: कंपनीला, बायकोला आणि शर्वरी मॅडमना. मला धरून चार.

शर्वरी मॅडम म्हणजे कंपनीने जाता जाता दिलेली भेट. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी जनरल मॅनेजर होतो. एके सकाळी माझं पद रद्द झालं (पदाबरोबर माणूसही रद्द होतो, हे तेव्हा कळलं) आणि नवी नोकरी मिळेपर्यंत सल्ला द्यायला कंपनीच्या खर्चाने एक काउन्सेलर मिळाली. पहिल्याच भेटीत मॅडमनी मला सुधारलं.

"नोकरी गेली असं म्हणायचं नाही, सर. तुम्ही करिअर ट्रान्झिशनमध्ये आहात."

मी लगेच ट्रान्झिशनमध्ये गेलो. रोज इस्त्रीचा शर्ट, बॅग, डबा घेऊन पूर्वीच्याच वेळेला निघायचो आणि वाशीला मॅडमच्या ऑफिसात जाऊन बसायचो. करणार काय? तळवलीतल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर मी आणि खालच्या मजल्यावर काका. बाबा लवकर गेले. मला काकांनीच वाढवलं, इंजिनियर केलं. गावात कुणीही नवा माणूस भेटला की काका माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, "ह्यो आमचा साहेब!" आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, की साहेब गेला, आमचा तेवढा उरलाय? मला खरंच लाज वाटत होती.

"अहो, सांगून टाका एकदाचं," बायको म्हणायची. "काका काय खाणार आहेत का तुम्हाला?"

"दुसरी लागली की सांगतो. दोन्ही बातम्या एकदम!"

तिसऱ्या महिन्यात एका मोठ्या कंपनीने शेवटच्या फेरीसाठी बोलावलं. व्हिडिओवर, शनिवारी संध्याकाळी सहाला, कारण संचालकबाई परदेशात होत्या. आणि त्याच शनिवारी काकांच्या मुलाची, रूपेशची, हळद! आम्ही आगरी. आमच्या हळदीला चारशे माणसं आणि भिंतीएवढे स्पीकर असतात. खिडकीच्या काचा नुसत्या थरथरल्या, तर आमच्याकडे त्याला मंद संगीत म्हणतात. भावाची हळद सोडून बाहेर कुठे जाऊन बसलो असतो, तर पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागलं असतं.

पावणेसहाला मी मांडवात काकांना गाठलं. तोवर आत्याने मला कपाळापासून कोपरापर्यंत पिवळं करून टाकलं होतं. साबण लावला, तर रंग आणखी खुलला.

"काका, ऐक ना. पाऊण तास डीजे बंद कर. ऑफिसची मीटिंग हाय."

"जया, मीटिंग तुझी रोजचीच हाय. माझे पोराची हलद एकदाच हाय. नाय!"

"लय महत्त्वाची हाय रे!"

"मंग तुझे साहेबाला फोन लाव. मीच बोलतो त्याचेशी."

साहेबाला! असता तर लावला नसता का? घड्याळात सहाला दहा कमी होते.

"काका, नोकरी गेली."

"कोनाची?"

"माझी. तीन महिने झाले."

काका तडक वळले आणि गर्दीत दिसेनासे झाले. मिनिटाभरात गाणं थांबलं आणि स्पीकरमधून काकांचा आवाज आला.

"आयका! आपले जयाची नोकरी गेली हाय! आता वरती दुसरीचा इंटरव्यू हाय. पाऊन तास कोनी नाचायचा नाय, कोनी बोलायचा नाय. खोकला आला, त खाडीवर जायाचा!"

(गोपनीयता हा शर्वरी मॅडमचा सगळ्यात आवडता विषय. स्पीकर पार शेजारच्या घणसोलीपर्यंत ऐकू जात असावेत.)

मी धावत वर गेलो. तळवलीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. लॅपटॉप उघडला. संचालकबाई मराठीच निघाल्या. त्यांनी बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं.

"तब्येत बरी आहे ना? डोळे पांढरे दिसतायत, म्हणजे कावीळ नसावी."

"हळद आहे, मॅडम. भावाची."

"अरे वा! बरं, आधीची नोकरी का सोडलीत?"

या उत्तराची शर्वरी मॅडमनी माझ्याकडून चाळीस वेळा तालीम करून घेतली होती! मी ताठ बसलो. "संस्थेच्या व्यूहात्मक पुनर्रचनेच्या संदर्भात, परस्परसंमतीने..."

"खोटा बोलतंय!"

वळून बघतो तर खिडकीबाहेर गॅलरीत काका, आत्या, खुद्द नवरदेव आणि मागे जिन्यावर अर्धी हळद उभी!

"काढला म्हनून सांग ना!" काका ओरडले. "चोरी केलीस का?"

"कोण आहेत ते?" बाईंनी विचारलं.

"माझे काका. माफ करा, मॅडम, मी खिडकी..."

"खिडकी कशाला? त्यांना आत बोलवा."

काका आत आले आणि खुर्चीवर बसले. माझ्या खुर्चीवर! मी बाजूला उभा.

"बाई, पोऱ्या कामाला चांगला हाय," काकांनी हात जोडले. "बारा वरसांत एक खाडा नाय. अवो, नोकरी नव्हती तरी तीन महिने टायमावर निंघायचा!"

"आणि दोष?"

"एकच. दुख झाला का एकटाच गिलतो. मना सांगला नाय." काका लॅपटॉपकडे झुकले. "मी काय त्याचे साहेबपनावर जीव लावला का, बाई?"

मला एकदम भरून आलं. मी डोळे पुसले ते हळदीच्याच हातांनी, त्यामुळे पुढचा सगळा इंटरव्ह्यू मी नुसता ऐकला. चारशे माणसं गप्प कशी बसवलीत, हे बाईंनी काकांना तपशीलवार विचारलं. काकांनी तपशीलवार सांगितलं. पाऊण तास संपताच डीजेवाल्याने इमानदारीत आवाज सोडला आणि लॅपटॉप टेबलावर सरकायला लागला. मला एकूण एकच प्रश्न आला होता आणि त्याचंही उत्तर अर्धवट राहिलं होतं.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. रुजू झालो त्या दिवशी संचालकबाईंनी केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"खरं सांगू? तुमच्याहून सरस दोन उमेदवार होते. पण त्यांना काका नव्हते."

मी मान डोलावली. निवड अगदी योग्य झाली होती. पत्र तेवढं चुकून माझ्या नावाने निघालं होतं.