राखेच्या डब्यातलं बी

वादळाने आमच्या घराचे सहा पत्रे नेले. बाकीचं नुकसान मी केलं.

माझी मोठी बहीण, अक्का, आमच्याकडेच राहते. त्या दिवशी ती भाचीकडे धुळ्याला होती. फोनवर म्हणाली, "भाऊ, घर कसं शे?"

"तू चार दिवसांनी ये अक्का, फरशी चकाचक करून ठेवतो!" (हे बोलताना मी घोटाभर पाण्यात उभा!)

पत्रे गड्यांनी बसवले, पण फरशीची ओल काही हटेना. मी जळगावच्या दाळ मिलमध्ये वीस वर्षं काढलेली. दोन पोती चुनी, म्हणजे डाळीचा भुसा-चुरा, आणून घरभर पसरली.

"अहो, आधी कुणाला तरी विचारा!" बायको म्हणाली.

दाळ मिलवाल्याने चुनीबद्दल विचारायचं कुणाला? सकाळी चुनी फुगून दुप्पट! आणि असा आंबूस वास, की शेजारच्या नानांची म्हैस दावं तोडून थेट स्वयंपाकघरात!

"नाना, तुमची म्हैस आवरा!"

"तिला काय बोलतो? पंगत तूच मांडलीय!"

म्हशीने चिखल केला तो वेगळाच. एवढ्यात फळीवर राखेचा डबा दिसला. राख ओल ओढते, हे कुणालाही कळतं. अख्खा डबा ओतला, सगळा लगदा खरवडला आणि नानांच्या उकिरड्यावर टाकला. फरशी खरंच चकाचक झाली हो!

अक्का आली, घर बघून खूश झाली. मग फळीकडे पाहिलं.

"भाऊ, राखना डबा कोठे शे?"

मी ऐटीत सगळं सांगितलं.

"त्यामा बी व्हतं रे," ती म्हणाली.

भरताच्या वांग्याचं बी. आमच्या आईने अक्काला लग्नात दिलेलं. दरसाल चार झाडं लावून अक्का त्याचं बी धरायची आणि राखेत जपायची. वादळात त्या डब्याला थेंबही शिवला नव्हता! अक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी उकिरडा उपसायला घेतला.

"काय हरवलं रे, सोनं?" नानांनी विचारलं.

"वांगी!"

आठ दिवसांनी तिथे एक रोप उगवलेलं दिसलं. मी नाचायचाच बाकी! कुंडीत लावलं, रोज पाणी, शेणखत, उन्हाला आडोसा म्हणून बायकोची साडी (न विचारता). "अक्का, बघ, आईचं वांगं!" ती म्हणायची, "हां भाऊ."

दोन महिन्यांनी फूल आलं. पांढरं, लांब, भोंग्यासारखं. मग काटेरी बोंड.

धोतरा!

"अक्का, तुला ठाऊक होतं?"

"पहिलं पान देखताच माले समजी गयं व्हतं," ती म्हणाली. "पन तू कितला जीव लाई राहिंता... कशी सांगू?"

आईचं वांगं गेलं, ते माझ्याच हाताने गेलं. पण माझ्या हाताला अगदीच यश नाही असं नाही. धोतऱ्याला यंदा भरपूर बी धरलंय!