नापास झाल्याचे प्रार्थनेत सांगणाऱ्या बाई

आमच्या दापोरा गावाहून वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, मी बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या मराठी शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा माझे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. मुख्याध्यापिका मनोरमाबाई खेडकर यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी पाय धू, मग नाव सांग." बाईंची माझी ओळख झाली ती अशी. पुढे त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की आम्ही मुली चळचळा कापत असू, पण तो तांब्या मी विसरले नाही.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात थोर मंडळी त्यांच्या शिस्तीविषयी, शाळेसाठी खाल्लेल्या खस्तांविषयी लिहितीलच. मला सांगायची आहे ती गोष्ट गौरवग्रंथात शोभणार नाही, असे संपादक मंडळातल्या एका गृहस्थांचे म्हणणे पडले. मी सरळ बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "तेवढं छापा. बाकीचं नसलं तरी चालेल." तेव्हा गृहस्थांची क्षमा मागून लिहिते.

राज्यांची नवी मांडणी झाली, आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या दिवसांतली ही हकिकत. बाईंचे सगळे आप्त नागपूरकडचे. भावाने तिकडे बदली करून घ्यायचा फार आग्रह धरला. बाईंनी त्याला एवढेच विचारले की, शाळेतल्या मुली कुठे नेऊ? विषय तिथेच संपला. कारभार हिंदीत आला आणि आमच्या शाळेतल्या शिक्षकांनाही हिंदीची परीक्षा देणे भाग पडले. त्याची कोणी फिकीर केली नाही. बुऱ्हाणपुरात हिंदी कोणाला येत नाही? भाजी हिंदीत, टांग्याचे भाडे हिंदीत, भांडण तर हमखास हिंदीत. म्हणून कोणी पुस्तक उघडले नाही. बाईंनीही नाही. निकाल लागला तेव्हा बरीच मंडळी आपटली होती आणि सगळ्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवले होते.

त्याच सुमारास माझा मॅट्रिकचा निकाल लागला. मी गणितात नापास झाले. रावेरकडचे एक स्थळ चालून आले होतेच. आबा म्हणाले, शिकली तेवढी पुष्कळ झाली. शाळेसाठी मी शहरातल्या राजपुऱ्यात मामांकडे राहत होते; तिथली माझी पेटी बैलगाडीत चढली आणि बाईंचा निरोप घ्यायला आम्ही शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिलो. मला रडू आवरत नव्हते. आत प्रार्थना चालू होती. ती संपल्यावर बाई दोन पावले पुढे आल्या.

"मुलींनो, मी हिंदीच्या परीक्षेत नापास झाले आहे. अभ्यास केला नव्हता, म्हणून झाले. पुन्हा बसणार आहे. आता आपापल्या वर्गात जा."

कोणी हसले नाही. रांगा रोजच्यासारख्या वर्गात गेल्या. ज्यांच्यापुढे मान वर करायची आमची छाती नव्हती त्या बाई स्वतःच्या तोंडाने हे सांगत होत्या, आणि सांगून झाल्यावर नेहमीसारख्या ताठ चालत फाटकाकडे येत होत्या. आबांनी हळूच मला विचारले की, ह्या बाई उद्याही शाळेत येतील का? मी म्हटले, येतील. बाई जवळ आल्या तेव्हा आबा निरोपाचे म्हणून पाठ करून आलेले सगळे विसरले होते. डोक्यावरचा रुमाल सारखा करत ते म्हणाले, "बाई, तुम्ही नापास होऊन भी शाळेत येता, तं आमच्या पोरीनं काहून घरी बसावं?"

बाईंनी उपदेश केला नाही. मला रोज संध्याकाळी त्यांच्याकडे धाडायला सांगितले. त्या माझे गणित घेणार आणि मी त्यांना हिंदीचा मजकूर वाचून लिहायला घालणार, असे ठरले. गाडी मामांच्या दाराशी परत गेली आणि पेटी खाली उतरली.

सिंधीपुऱ्यातल्या बाईंच्या ओसरीवर वर्षभर आमची ही शाळा भरली. माझे उदाहरण चुकले की माझा कान धरला जाई. बाईंची ओळ चुकली की त्या स्वतःचा कान धरत, आणि मी हसू दाबलेले त्यांना कळत असे. हसून घे, मग पुढचे वाच, असे त्या म्हणत. माणसाचा धाक आणि माणसाची माया एकाच ठिकाणी नांदू शकते, हे मी त्या ओसरीवर शिकले.

पुढच्या खेपेला आम्ही दोघी पास झालो. बाईंनी प्रार्थनेत माझे नाव घेतले, स्वतःचे घेतले नाही. त्यांचा निकाल आम्हांला शाळेच्या शिपायाकडून कळला. मी विचारले तर म्हणाल्या, "नापास झाल्याचं आपण सांगावं लागतं. पास झाल्याचं लोक सांगतात."

आज मी दापोऱ्याच्या शाळेत शिकवते. यंदा निकालानंतर एक केळीवाले शेतकरी नापास झालेल्या मुलीचे नाव शाळेतून काढायला आले. मी त्यांना वर्गाच्या दाराशी थांबायला सांगितले आणि मुलींना माझ्या गणिताची, बाईंच्या हिंदीची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तसे ते निघून गेले. दोन दिवस माझ्या जिवाला चैन नव्हते. सोमवारी ती मुलगी पाटी-दप्तर घेऊन आपल्या जागेवर बसलेली होती.

मनोरमाबाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत आणि डोळे लख्ख राहोत. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. दापोऱ्यात अजून पुष्कळ मुली नापास व्हायच्या आहेत, आणि त्या प्रत्येकीला मला सिंधीपुऱ्यातल्या त्या ओसरीवर नेऊन बाईंच्या शेजारी बसवायचे आहे.