मोहेरची शाल

लोकरीचं कापड घरात असलं की कपाटाच्या कोपऱ्यात लव साठते, मुद्दाम कुणी साठवत नाही. आमच्या पनवेलच्या आळीत सुमनच्या शालीचे किस्से तसेच साठलेत. त्यातले बरेचसे मीच केलेत, हे आधीच सांगून टाकते!

सुमन म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. नवरा मधू मुंबईला लोकरीच्या गिरणीत, फिनिशिंग खात्यात. शनिवारच्या एस्टीने घरी यायचा. एका शनिवारी शाल घेऊन आला. मोरपिशी, झुळझुळीत, वर अशी लव की हात फिरवला तर घुरघुरेल असं वाटावं! पनवेलच्या उकाड्यात शाल कशाला, असं मी चारचौघींत म्हणाले खरं. पण जीव तिच्यावरच जडला.

"कुठली गं?" मी विचारलं.

"मोहेरची, काकू."

मी ऐकलं, माहेरची!

आता या दोघांनी घरच्यांना न जुमानता लग्न केलेलं. तिच्या माहेरचं दार बंद, साधं पोस्टकार्ड येत नसे. म्हणजे दार उघडलं की! दुपारपर्यंत अख्ख्या आळीला मी बातमी दिली. भाऊबीजेला चार बायकांनी भावांकडे शाली मागितल्या. मीही मागितली. माझ्या पेणच्या भावाने काय पाठवलं? पोहे!

*

शेवटी मधूनेच उलगडा केला. "अहो काकू, मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचा केस. मेंढीच्या लोकरीवरचे खवले उभे, याचे चपटे. म्हणून ही चमक. रंगही खुलतो."

शेळी? एवढंच ना! सुकापूरची हौसा रोज शेळी दारात आणून दूध काढून द्यायची. दुसऱ्या दिवशी मी फणी घेऊन शेळी विंचरायला बसले.

हौसा बघतच राहिली. "बाय, तिला बगाया पावनं येनार हायेत का?"

मूठभर केस निघाले. मधूने ते भिंगाखाली धरले, बराच वेळ पाहिले.

"छान आहेत, काकू. रंगाऱ्याच्या ब्रशाला."

*

मग कळलं की ती लव मुळात नसतेच, काढतात! विणलेलं कापड वाळक्या काटेरी बोंडांनी हळूहळू खरवडायचं, की केस वर येतात. आमच्याकडे गोखरूला काय तोटा? ह्यांची एकुलती एक लोकरीची शाल पाटावर ताणली आणि केली सुरुवात. ते 'हळूहळू' तेवढं मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी शाल मागितली. उजेडाकडे धरली आणि तिच्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "छान दिसतेस हो!"

*

मग मनात आलं, सुमनची शाल नायलॉनचीच असणार! मधूनेच कधीतरी सांगितलेलं, नायलॉन जळला की त्याचा टणक मणी होतो. खरा केस जळला की केसाचाच वास येतो. सुमनच्या हळदीकुंकवाला मी शालीच्या दशीतून हळूच एक धागा ओढला आणि निरांजनावर धरला.

असा वास सुटला! बायका पटापट आपापल्या वेण्या चाचपायला लागल्या. "अगंबाई, कुणाची पेटली?"

शाल खरी निघाली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

*

पुढे सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, हिने जायचं कुठे? कळा सुरू झाल्या तो मंगळवार, मधू मुंबईला. मीच टांग्यात घालून तिला प्रसूतिगृहात नेलं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून शाल बरोबर घेतली होती. आत जाताना ती माझ्या हातात देत सुमन म्हणाली, "सांभाळा हं, काकू."

दार लागलं. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. मी शाल पांघरली. ऐन मे महिन्यात! खिडकीच्या काचेत डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. शपथेवर सांगते, तिच्यापेक्षा मलाच शोभत होती.

बाळ रडलं तेव्हा मी काचेसमोरच होते. नर्स वही घेऊन दारात आली. "मुलगी झाली. बाळंतिणीच्या माहेरचं कोण आलंय?"

मी घाईघाईने शाल काढायला गेले, तर ती बांगडीत अडकली.

आतून खाटेवरून सुमनने मान वळवली. घामाने निथळणारी मी आणि माझ्या अंगावर तिची शाल, असं तिने नीट पाहून घेतलं. मग दमल्या आवाजात नर्सला म्हणाली,

"त्या काय, उभ्या आहेत. मोहेरच्या!"