माझ्या पोटाचा फोटो

माझं उघडं पोट आमच्या भावकीतल्या साठ-सत्तर माणसांनी माझ्या आधी बघितलं. हे मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला म्हणून बीडला एका खासगी दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. आत घाण झाली होती, म्हणून डॉक्टरांनी वरची कातडी शिवलीच नाही. बेंबीखाली वीतभर जखम उघडी ठेवली. रोज धुवायची, पट्टी भरायची, आतून मांस भरत येईल, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी सिस्टर पट्टी बदलत होती, तर धाकटा दीर पडद्याच्या फटीत उभा, हातात मोबाइल. याला पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचंय. आमच्या नांदूरघाटात कुणाच्या घरी बारसं असो की मयत, हा आधी फोटो काढतो. माझ्या पोटाचाही काढला, भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘वहिनींचं पोट. सर्वांनी प्रार्थना करावी.’

झालं! हात जोडलेली चित्रं येऊन पडायला लागली. कडा गावच्या चुलत सासऱ्यांनी तर न वाचता, निव्वळ सवयीनं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून दिली. मी इकडं सलाइन लावून पडलेली, आणि स्वतःचीच श्रद्धांजली वाचतेय.

“भावजी,” मी म्हणलं, “मागल्या साली तुमचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालतं. त्याचा फोटो हाय का कुणाकडं? मी बी टाकते ग्रुपवर.”

“वहिनी, लोकांना काळजी हाय तुमची.”

“काळजी असंल तर डबा घेऊन यावं. पोट कशाला बघायचंय?”

नवरा मधे पडला, “जाऊ दे गं.” आमच्या नवऱ्याचा सगळा संसार ‘जाऊ दे’ म्हणण्यात गेला.

पण खरं सांगते. सगळे चहाला खाली गेले तेव्हा मीच तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. आधी शरम वाटली, मग संताप आला, आणि तरी नजर हटेना. एवढी वर्षं ज्या पोटावरून साडी नेसले, त्याच्या आत ही पिवळी चरबी, हा लाल भाग! मी तो परत परत बघितला.

घरी सोडताना सिस्टरनं पट्टी करायला शिकवली आणि सांगितलं, रोज फोटो पाठवा, मी बघत जाईन. मग माझा नादच झाला. रोज सकाळी आंघोळीनंतर दाराला कडी लावायची, पट्टी सोडायची, फोटो काढायचा. कालचा आणि आजचा शेजारी ठेवून बघायचा. तळाशी लाल दाणे धरत होते, डाळिंबासारखे. दोन बोटं खोल होती ती दीड बोटावर आली. कुणी शिकवलं असेल या मांसाला? मी तासन्‌तास बघत बसायचे. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या अंगाचं कौतुक वाटलं.

आणि मग आत्याबाईंचं पथ्य सुरू झालं. आत्याबाई म्हणजे माझी सासू. “वरण बंद. शेंगदाणे बंद. दूध, अंडी काही न्हाई. पू धरतो.” वरणाचं तर नावसुद्धा काढायचं नाही. त्या स्वतःही वरणाला शिवत नाहीत, वात होतो म्हणतात. मला तिन्ही त्रिकाळ मीठ-भात आणि वर भाताचंच पाणी. मी सुरुवातीला गप्प खाल्लं, कारण उठून भांडायला पोटात जोर नव्हता.

पण फोटो खोटं बोलेनात. दुसऱ्या आठवड्यात जखम जिथल्या तिथं. तळाचे दाणे फिके पडले, कडा पांढऱ्या झाल्या. मी आठव्या दिवसाचा आणि पंधराव्या दिवसाचा फोटो शेजारी ठेवला आणि घाबरले. सिस्टरचा लगेच फोन आला.

“खाता काय तुम्ही?”

“भात.”

“अजून?”

“भाताचं पाणी.”

“अहो बाई, मांस भरायचं कशानं? डाळ खा, अंडी खा, दूध प्या. असंच राहिलं तर परत ॲडमिट करावं लागेल.”

परत त्या पडद्याआड जायचं? मी तशीच पोट धरून उठले आणि कुकरला डाळ लावायला घेतली. आत्याबाईंनी कुकर हातातून ओढला.

“माझ्या घरात हे चालायचं न्हाई. पू झाला म्हंजी म्हणशील, सासूनं मारलं.”

“सासूच मारतीय!” मी ओरडले.

नवरा दारात उभा होता. तो काय म्हणाला ते सांगायची गरज नाही.

मग मी खोलीत गेले आणि भावकीच्या ग्रुपवर माझ्या हातानं दोन्ही फोटो टाकले. खाली लिहिलं, ‘पहिला आठव्या दिवसाचा, दुसरा पंधराव्या. मधे मला भात सोडून काही दिलेलं नाही. प्रार्थना नको, अंडी पाठवा.’

दीर पळतच आला. “वहिनी, काढून टाका ते! लोक काय म्हणतील? इलेक्शन हाय.”

“आधी तुमचा काढा, मग माझे काढते.”

त्यानं तोंड पाडून काढला. मी मात्र माझे काढले नाहीत. संध्याकाळपर्यंत भावकीतल्या बायका अंडी आणि दूध घेऊन यायला लागल्या. येईल ती आत्याबाईंकडं तिरकं बघायची. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढं आठ दिवस मी आत्याबाईंसमोर बसून भुरके मारून वरण प्यायले. मुद्दाम. त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या. जखमेचा तळ परत लाल झाला.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी खोलीत फोटो बघत बसले होते, कडी लावायची राहिली आणि आत्याबाई आत आल्या. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी. पण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “दाव ते फोटू.” एकेक करून सगळे बघितले. मग लुगडं सोडून पोट उघडं केलं. बेंबीखाली अंगठ्याएवढा जाड, वेडावाकडा वण.

“कॅम्पात झालतं, पोरं बंद करायचं आपरेशन. पाच महिने वाहत हुतं.”

“वरण खाल्लं असंल,” मी खवटपणे म्हणलं.

“एक दिस,” त्या म्हणाल्या. “लई भूक लागलती. चुलीमागं बसून चोरून वाटीभर पिले. तिसऱ्या दिशी पू आला. कुणाला सांगितलं न्हाई. तवापासून तोंडाला लावलं न्हाई.”

त्यांनी वण झाकला आणि विचारलं,

“वरणानं पू येत न्हाई म्हणती का गं ती नर्सबाई?”

“न्हाई येत.”

“पक्कं?”

“पक्कं, आत्याबाई.”

मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. मी उठले, कुकरमधलं वरण वाटीत ओतलं आणि वाटी त्यांच्यापुढं आदळली. “प्या.”

त्यांनी वाटी उचलली. कुणी येतंय का, एकदा दाराकडं बघितलं, आणि मग तोंडाला लावली.