खुंटीवरची वायर

नोकरीची सगळी वर्षं तिने टेस्टर म्हणून काढली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या. कोणी "हे चालतं" म्हटलं की "कशावरून?" असं विचारण्याचा तिला पगार मिळायचा. स्वतःचा धंदा काढला तेव्हा पगार सुटला, सवय काही सुटली नाही.

धंदा तसा छोटा. घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक संगणक आणि लॉण्ड्र्यांसाठी तिने बनवलेलं सॉफ्टवेअर. गिऱ्हाइकाने नाव सांगितलं की त्याचा कपडा कुठल्या रांगेत, कितव्या हुकाला टांगलाय ते पडद्यावर यायचं. ते घेतलेलं दुकान एकच, पलीकडच्या रस्त्यावरच्या लॉण्ड्रीवाल्या काकांचं. काका टिकले तर त्यांचं नाव सांगून दुसरी दारं ठोठावता येणार होती. गेले तर पुन्हा नोकरीचे अर्ज.

काकांच्या मेहुण्याचीही शहराच्या दुसऱ्या टोकाला लॉण्ड्री होती. हल्ली तो काकांकडे येऊन बसायचा आणि पडद्यावरून नजर हलवायचा नाही. इथे पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. सॉफ्टवेअर फुकटात उतरवून घ्यायचा बेत असणार. मग तिने गुपचूप एक कुलूप बसवलं. दुकानातल्या संगणकाने इंटरनेटवरून तिच्याकडे रोज हजेरी लावायची. लागोपाठ दोन दिवस चुकली, की सॉफ्टवेअर बंद.

नवऱ्याला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला गिऱ्हाईक मिळालंय की चोर?"

"ते कळेलच."

आणि एका सोमवारी हजेरी आलीच नाही. मंगळवारीही नाही.

"फोन करून विचार ना," नवरा म्हणाला.

"सावध करू त्यांना? रंगेहाथ पकडते."

बुधवारी फोन काकांचाच आला. "बाई, पडदा काळा झालाय, आणि दुकानात ही गर्दी! लवकर या."

ती गेली. काउंटरपुढे लोक ताटकळले होते. काका घामाघूम होऊन प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये कुणाचा तरी करडा कोट शोधत होते, आणि करडे कोट तिथे ढिगाने होते. मेहुणा कुठेच नव्हता. तिने संगणकाच्या मागे पाहिलं. इंटरनेटची वायर काढून, नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेली.

"ही कोणी काढली?"

"मी," काका म्हणाले. "माझ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते या वायरीतून तुमच्याकडे जात असणार. उद्या तुम्ही ते मेहुण्याला दिलेत तर? रोज येऊन तुमचा नंबर मागतो. त्यालाही म्हणे हेच बसवून हवंय."

जिला चोर म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहिलं, ती असामी तिचं दुसरं गिऱ्हाईक व्हायला निघाली होती.

तिने वायर जोडली. पडदा उजळला, कोट मिळाला, गर्दी ओसरली. मग काकांनी विचारलं, "पण बंद का पडलं?"

मशीन जुनं आहे, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण "कशावरून?" असं कोणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर नसतं. तिने कुलपाचं खरं सांगितलं.

काका म्हणाले, "म्हणजे तुम्ही बाहेरून कडी लावलीत आणि मी आतून."

"हो."

"काढा ती. माझ्यासमोर. नाहीतर तुमचं यंत्र उचलून न्या."

तिने तिथेच बसून कुलूप काढलं. काका चष्मा लावून तिच्या खांद्यामागे उभे राहिले. पडद्यावरचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, तरी एक ओळ त्यांनी नजरेआड होऊ दिली नाही. काम संपताच त्यांनी वायर उपटून परत खुंटीला लावली. आता सॉफ्टवेअर वायरीवाचूनही चालणार होतं.

"यंत्र राहू दे," ते म्हणाले.

निघताना दारात ती थांबली. "काका, मेहुण्यांचा नंबर द्याल?"

काकांनी खिसे चाचपले, गल्ला उघडून बंद केला. "हरवला वाटतं."

तिला ते मुळीच पटलं नाही. ती घरी गेली नाही; मेहुण्याच्या लॉण्ड्रीकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे वळली. कोपऱ्यावर मागे वळून पाहिलं, तर काका पायरीवर येऊन ती कुठे जाते ते बघत उभे होते.