चर्चची कललेली मान

“आधी दारात उभे राहा, मग बोला.” कुणीही आलं की काका हेच म्हणत आणि स्वतः मान डावीकडे कलती करून शेजारी उभे राहत.

काका म्हणजे सुरतेतल्या एका जुन्या इंग्रजी चर्चची देखभाल करणारे गृहस्थ. मूळचे जालन्याचे, हजिऱ्याच्या कारखान्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. मी सुरतेतल्याच कतारगामचा जुन्या लाकडाचा व्यापारी. अमळनेरहून आलो तेव्हा हातगाडी ओढली. आज वखार माझी आहे. चर्चचं छप्पर बदलायचं ठरलं, तेव्हा त्याच्या सागवानी तुळया मला द्यायचं कमिटीने कबूल केलं होतं.

घ्यायच्या मालाला आधी नावं ठेवायची, ही आमची रीत. तुम्हीही भाजी घेताना तेच करता. दारातून पाहिलं आणि म्हणालो, “काका, चर्चच वाकडं आहे. वेदीचा भाग डावीकडे गेलाय. असल्या छपराला काय भाव देऊ?”

काका हसले. “इंग्लंडच्या खेड्यांत पूर्वी चर्च पिढ्यान्‌पिढ्या बांधत. आजाने वेदीचा भाग बांधला, नातवाने पुढचा जोडला, ओळ चुकली. लोक म्हणाले, असू दे, क्रुसावर प्रभूची मान अशीच कलली होती. इथल्या इंग्रज साहेबाने आपल्या गावचं चर्च आठवून हे बांधलं. चुकीसकट.”

“म्हणजे चुकीची नक्कल! भाव आणखी खाली.”

त्यांचं हसू गेलं. पुढच्या आठवड्यात कमिटीचा निरोप आला: तुळया काढायच्या नाहीत, डागडुजी करायची. काकांनी घरोघर जाऊन सगळ्यांची मनं वळवली होती.

मी तडक गेलो. “माझा ठरलेला सौदा मोडलात!”

“तुम्हीच मोडलात, शेठ. चहा घेणार?”

तो राग मी सोडला नाही. दर रविवारी भांडायला जाऊ लागलो. चहा त्यांचा, आवाज माझा.

“तुळया कुजतायत, काका.”

“साखर कमी झाली का?”

यंदा काका वारले. काही दिवसांनी कमिटीच्या सेक्रेटरीचा फोन आला, “आवो शेठ, लाकडुं लई जाओ.” गेलो. दारात उभा राहिलो. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “तसंही चर्च वाकडंच आहे. तुम्ही म्हणाल तो भाव.”

असा सौदा उभ्या आयुष्यात चालून आला नव्हता.

“वाकडं कोण म्हणतो?” मी एवढ्याने ओरडलो की वरची कबुतरं उडाली. “इथे दारात उभा राहा आणि नीट बघ!”

तुळया अजून वरच आहेत. माझ्या रविवारचं काय करायचं, ते मात्र काका सांगून गेले नाहीत.